खेळ नको सोडूस, बाक सोड

आदरणीय सर,

मी डिचोली तालुक्यातला. वय २२. गोवा प्रोफेशनल लीगमधल्या एका फुटबॉल क्लबचा दुसरा गोली, म्हणजे राखीव गोलरक्षक. दोन हंगाम झाले, खेळायला मिळाले चार सामने. चौथा गेल्या ऑगस्टअखेरीस, म्हापशाला धुळेरच्या मैदानावर. पहिल्या गोलीचं बोट निखळलं म्हणून मला उतरवलं. पाऊस होता. ८८ व्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. उजवीकडून जमिनीलगत क्रॉस आला, मी खाली बसून घेतला आणि चेंडू छातीवर आपटून सुटला. त्यांच्या फॉरवर्डला नुसता पाय लावायचा होता. ८८ व्या मिनिटाला! त्यानंतर मी गोलात उभा राहिलेलो नाही. कोच काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. गावच्या ग्रुपवर त्या गोलाचा व्हिडिओ आला, त्याखाली कोणीतरी साबणाच्या वडीचा फोटो टाकला.

बाबांचे खाणीवर दोन ट्रक होते. आता नाहीत. ते म्हणतात, एलडीसीची, सरकारी कारकुनाची जाहिरात आलीय, फॉर्म भर, फुटबॉल पुरे झालं. मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलंय. आई मध्ये पडत नाही. लहान होतो तेव्हा बाबाच शेतात गोलामागे उभे राहून चेंडू आणून द्यायचे.

(बार्देशातल्या एका फर्स्ट डिव्हिजन क्लबच्या कोचनी ‘येतोस का, पहिला गोली म्हणून’ असं विचारलंय, पण ते खाली जाणं झालं.)

मी अजून दोन वर्षं कळ काढू की सगळं सोडून देऊ? रात्री डोळे मिटले की ८८ वं मिनिट दिसतं.

– दुसरा गोली

*

प्रिय दुसऱ्या गोली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन. ८८ वं मिनिट तू तीनदा लिहिलंयस. बार्देशच्या क्लबचं मात्र एकदाच, तेही कंसात. शाळेत पीटी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, हजारभर पोरांच्या चिठ्ठ्या वाचल्या असतील. ज्या गोष्टीची पोराला लाज वाटते पण जी सांगितल्याशिवाय राहवत नाही, ती तो कंसात टाकतो. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. खेळ सोडू नकोस, बाक सोड. कंसातल्या क्लबात जा. आणि एलडीसीचा फॉर्मही भर. ही दोन्ही एकदम कशी जमायची, ते सांगतो.

पण आधी त्या चेंडूचं बोलू, नाहीतर पुढचं तू वाचणार नाहीस.

तू शेतात तयार झालेला गोली आहेस. मीही तसलाच. भाताची कापणी झाली की आपल्याकडे जी मैदानं उभी राहतात, त्यांच्यावर चेंडू जमिनीला लागला की दम खातो. ढेकळं असतात, भाताचे खुंट असतात, अवकाळी सर येऊन गेली असेल तर चिखल. तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर चेंडू अर्धमेला झालेला असतो. आपण खाली बसायचं, हात पसरायचे, तो आपणहून कुशीत येतो. धुळेरला कृत्रिम हिरवळ आहे. ती पावसानं भिजली की चेंडू टप्पा घेऊन मंदावत नाही, घसरतो, आणि शेवटच्या दोन हातांत तुझ्या अंदाजाच्या आधी येऊन पोचतो. तू लिहितोस, ‘छातीवर आपटून सुटला’. म्हणजे चेंडू आधी छातीला भेटला, हात मागून आले. यात भित्रेपणा कुठंय? शेताची सवय टर्फवर नेलीस, एवढंच झालं.

ओल्या टर्फवर जमिनीलगतचा चेंडू शरीराच्या पुढं जाऊन घ्यायचा. एक गुडघा आडवा, त्याचा बांध मागं. कोपरं जवळ, करंगळ्या जुळलेल्या, तळवे वर. चेंडू आधी हातांना लागला पाहिजे, मग मनगटावरून छातीकडे गुंडाळायचा. आणि समोर पायांची दाटी असेल, भरवसा नसेल, तर धरायच्या भानगडीत पडायचंच नाही; जोरात बाजूला, टचलाइनकडे ढकलायचा. समोर सुटलेला चेंडू गोल होतो, बाजूला गेलेल्याचा फार तर कॉर्नर.

आता मला सांग, त्या दिवशी गोलाच्या जाळीला टॉवेल बांधला होतास? ग्लोव्हजचं लॅटेक्स अगदी कोरडं असलं तर धरत नाही, म्हणून खेळाआधी ते ओलं करतात, हे तुला ठाऊक असणार. पण मुसळधार पावसात त्यावर पाण्याचा थर बसतो, आणि दर वेळी खेळ थांबला की तळवे पुसावे लागतात. जो दर आठवड्याला गोलात उभा असतो त्याचा हात आपोआप टॉवेलकडे जातो. आणि क्रॉस येताना ‘म्हजो!’, माझा, म्हणून ओरडलास का? की बचावपटूही त्याच चेंडूवर आला आणि तू त्याच्याकडे एक डोळा ठेवलास? हे सगळं सरावात शिकवता येत नाही. सरावात चेंडू कुठून येणार ते कोचनी आधीच सांगितलेलं असतं. तुझी चूक हातांची जेमतेम अर्धी. उरलेली, दोन हंगामांत चारच सामने मिळाल्याची आहे.

आता मडगावच्या फातोर्डा स्टेडियमची गोष्ट. तुला माहीत असेलच, पण सलग अशी कोणी सांगितली नसेल. २० डिसेंबर २०१५, इंडियन सुपर लीगची अंतिम लढत, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. ८७ व्या मिनिटाला गोव्यानं २-१ अशी आघाडी घेतली. स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. ९० व्या मिनिटाला चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि स्वयंगोल नावावर लागला तो गोव्याच्या गोलीच्या, लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या. दोनेक मिनिटांत चेन्नईयिननं तिसरा घातला. हरलो ३-२. घरचा मुलगा, घरचं मैदान, अंतिम सामना, ९० वं मिनिट. तुझ्या व्हिडिओखाली साबणाची एक वडी पडली. त्याच्या वाट्याला काय काय आलं असेल ते तूच मनात आण.

२० मार्च २०२२. तेच फातोर्डा, पुन्हा सुपर लीगची अंतिम लढत. या वेळी हैदराबाद विरुद्ध केरळा ब्लास्टर्स, गॅलरीत जिकडेतिकडे केरळचा पिवळा रंग. १-१ बरोबरी, मग पेनल्टी. हैदराबादच्या गोलात कट्टीमनी, वय ३२. त्यानं तीन पेनल्टी अडवल्या. ११ मीटरवरून, तीन. हैदराबाद ३-१ नं जिंकलं.

यातून ‘अपयश ही यशाची पायरी’ वगैरे तुला ऐकवायचं नाहीये. शाळेच्या फळ्यावर ते वाक्य मी वर्षानुवर्षं पुसत आलोय. मला त्यातली वर्षं मोजायची आहेत. २०१५ ते २०२२. मधल्या काळात त्यानं गोवा सोडलं, २०१९ मध्ये हैदराबादला गेला आणि तिथं गोलात उभा राहिला. त्या तीन पेनल्टी बाकावर बसून अडवता आल्या नसत्या.

बाकाचं मला चांगलंच माहीत आहे, कारण त्यावर मी तीन हंगाम काढलेत. ऐंशीच्या दशकात एका कंपनीच्या क्लबचा मी दुसरा गोली होतो. त्या काळी बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूनं पायानं मागं दिलेला चेंडू, हातात घेता यायचा, ते १९९२ मध्ये बंद झालं, तेव्हा आम्हाला पायांचं फारसं काम नसे. तीन हंगामांत माझे सामने सहा. दुसऱ्या हंगामानंतर पेडण्याच्या एका क्लबनं बोलावलं होतं, ‘पहिला गोली म्हणून ये.’ गेलो नाही. का, ते सांगायला आज हसू येतं. मोठ्या क्लबची जर्सी घालून डिचोलीच्या बाजारात गेलं की हॉटेलवाला चहाचे पैसे घेत नसे. चार आण्यांच्या चहासाठी मी कारकीर्द विकली असं म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या हंगामानंतर सूचनाफलकावर नवी यादी लागली, तीत माझं नाव नव्हतं. कोणी बोलावून सांगितलंही नाही. शिपायानं सांगितलं.

आघाडीच्या खेळाडूचं वेगळं असतं. तो राखीव असला तरी ७० व्या मिनिटाला त्याला उतरवतात, वीस मिनिटं का होईना, पायाला चेंडू लागतो. गोलीला कोण बदलतं? पहिला पडला, लाल कार्ड मिळालं किंवा बोट निखळलं तरच. म्हणजे आपली संधी दुसऱ्याच्या दुखापतीची वाट बघत बसते, आणि तो दुसरा आपला मित्र असतो, सकाळी आपल्याशी चेंडू टाकून त्यानंच आपल्याला गरम केलेलं असतं. हे मनाला कुरतडतं, हे तू लिहिलं नाहीस, पण असणार.

तुमच्या गावात जत्रेला नाटक होत असेलच. आमच्याकडे प्रॉम्प्टर म्हणून एक गृहस्थ होते. विंगेत उभं राहून सगळ्यांची सगळी वाक्यं त्यांना तोंडपाठ. एका वर्षी नायकाचा घसा बसला आणि ऐनवेळी त्यांनाच तोंडाला रंग लावून उभं केलं. एकही शब्द चुकला नाही त्यांचा. पण हात कुठं ठेवायचे ते समजेना, समोरचा रडायला लागला की हे त्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघत उभे. नाटक पडलं. दोष कोणाचा? तू आत्ता विंगेत उभा आहेस, वाक्यं पाठ आहेत.

आणखी एक सांगतो. त्याच काळात साळगावकर क्लबच्या गोलात ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर असत. भारताचे कर्णधार, १९९७ चा अर्जुन पुरस्कार, २०२२ मध्ये पद्मश्री. कारकिर्दीचा मोठा काळ त्या एकाच संघात. गोव्यातल्या आमच्या पिढीच्या प्रत्येक गोलीनं त्यांची उभं राहायची ढब उचलायचा प्रयत्न केलाय. पण त्या वर्षांत त्यांच्या मागं बाकावर कोण कोण होतं? मी त्या सामन्यांना जायचो, आणि मला एकाचंही नाव आठवत नाही. ते काही वाईट गोली नसतील. साळगावकरच्या सरावात टिकले म्हणजे चांगलेच असणार.

तेव्हा ‘खाली जाणं झालं’ हे डोक्यातून काढ. फर्स्ट डिव्हिजनमध्ये मैदान कधी उखडलेलं असेल, कपडे बदलायला झाडामागं जावं लागेल, पण गोलाची मापं तीच: ७.३२ मीटर रुंद, २.४४ उंच. चेंडू तिथंही तसाच येतो. वीसेक सामन्यांनंतर तू वेगळा गोली असशील. चांगला की वाईट, हे तेव्हाच कळेल. आज तुलाही ठाऊक नाही आणि मलाही.

फक्त जाण्याआधी डोळे उघडे ठेव. सध्याच्या क्लबशी करार कधीपर्यंत आहे ते कागद काढून बघ. चालू असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय हलता येणार नाही. एक हंगाम लोनवर, म्हणजे उसना, पाठवतील का, तेही विचार. गोलीच्या बाबतीत क्लब पुष्कळदा तयार होतात, कारण खेळून आलेला दुसरा गोली त्यांनाही हवाच असतो. बार्देशच्या कोचना विचार की गोलींसाठी वेगळा कोच आहे का. नसेल तर आठवड्यातले किती दिवस ते स्वतः तुझ्याबरोबर काम करतील. ‘पहिला गोली’ हे तोंडी वचन आहे, त्यावर ग्लोव्हज टांगू नकोस. दुसरा कोणाला घेतायत तेही कळू दे. करार लेखी, पैसे बँकेतून, नोंदणी फुटबॉल महासंघाच्या प्रणालीत झालेली. आणि गुडघा गेला तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा, हे वाक्य करारात कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायला लाव. गोव्यात खेळाडू हा प्रश्न विचारायला लाजतात आणि मग घरातलं सोनं मोडतं. पगार थकला तर गप्प बसायचं नाही. फिफाच्या नियमांनुसार दोन महिन्यांचा पगार थकला आणि लेखी नोटीस देऊन १५ दिवसांतही दिला नाही, तर खेळाडूला करार मोडायचा अधिकार मिळतो. भांडण झालंच तर महासंघाची प्लेयर स्टेटस कमिटी आहे.

वयाची काळजी तू पत्रात बोलून दाखवली नाहीस, पण ‘अजून दोन वर्षं’ या शब्दांत ती आहेच. २२ म्हणजे गोलीसाठी काहीच नाही. इटलीचा दिनो झॉफ ४० व्या वर्षी, १९८२ मध्ये विश्वचषक उचलून घरी गेला. इटलीचाच बुफॉन १७ व्या वर्षी पहिला मोठा सामना खेळला आणि थांबला ४५ व्या वर्षी. इजिप्तचा एसाम अल-हदारी २०१८ च्या विश्वचषकात ४५ वर्षांचा होता, आणि तिथल्या सामन्यात त्यानं एक पेनल्टी अडवली. ही टोकाची उदाहरणं आहेत, त्यांच्यावर घर बांधू नकोस. पण स्ट्रायकरचे पाय तिशीनंतर बोलायला लागतात, तेव्हा गोलीला चेंडू कुठं येणार ते नुकतं कुठं दिसायला लागलेलं असतं. अर्थात ज्यानं पुरेसे सामने खेळलेत त्यालाच.

शरीराचं मात्र ऐक. बोटं वाकडी होतात, त्याचं काही नाही. माझ्या उजव्या अनामिकेत लग्नातली अंगठी जात नाही, बायकोनं ते केव्हाच सोडून दिलंय. खांदा आणि गुडघा मात्र सांभाळ. आणि डोक्याला मार लागला, क्षणभर जरी अंधारी आली, तरी त्या दिवशी पुन्हा गोलात उभं राहायचं नाही, कोच कितीही म्हणोत. आमच्या वेळी पाणी शिंपडून उभं करायचे. ते मूर्खपण होतं.

आता बाबा. इथं मी जरा तुझ्या विरुद्ध बोलणार आहे.

८८ हा आकडा तुमच्या घरात आधी एकदा येऊन गेलाय. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यात खाणी थांबल्या. त्याआधी २०१२ मध्येही एकदा बंद पडल्या होत्याच. आपल्या डिचोलीत कोणाला वेगळं सांगायला नको. घरोघरच्या अंगणात ट्रक उभे होते, टायर जमिनीत रुतत चाललेले आणि बँकेचा हप्ता चालूच. तुझ्या बाबांनी घामाचं, भरवशाचं काम एका निकालानं बंद होताना बघितलंय. एकदा सोडून दोनदा. ‘फुटबॉल पुरे’ म्हणताना त्यांचा राग तुझ्या खेळावर नसावा. उद्या कोणीतरी दुसऱ्याच गावात बसून ठरवील आणि तुझा रोजगार बंद होईल, ही त्यांची भीती असणार.

आणि ती खोटी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा, तिघांनीही एकाच वर्षी आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा सोडली. धेंपोनं पाच वेळा देशाचं विजेतेपद आणलं होतं. जुलै २०२५ मध्ये तर खुद्द सुपर लीगच लांबणीवर पडली, काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. तिथं देशाकडून खेळलेली मुलं होती. तू बाबांना ‘तुम्हाला काही कळत नाही’ असं म्हणाला असशील, तर आधी ते वाक्य मागं घे.

म्हणून फॉर्म भर. मनापासून भर, दाखवायला नको. एलडीसीला बारावी चालते, भरती आयोगाची परीक्षा संगणकावर होते, जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर असतात, त्यामुळं फॉर्म भरला म्हणजे ग्लोव्हज खुंटीला लावले असं कोणी समजू नये. रोज सकाळी दोन तास अभ्यास, संध्याकाळी मैदान. फर्स्ट डिव्हिजनमधले कितीतरी जण दिवसा कामाला जाऊन संध्याकाळी सरावाला येतात. उद्या नोकरी लागलीच आणि क्लबकडून मानधन घ्यायचं असेल तर खात्याची परवानगी काढावी लागेल, ती काढायची. शिवाय रेल्वे आणि सेनादल यांचे संघ संतोष करंडकात खेळतात, तिथं गोली लागतात. खेळाडूंच्या भरतीच्या जाहिराती निघतात, त्यांच्यावरही नजर ठेव. पण तिथंही आधी हेच विचारतात की गेल्या हंगामात किती सामने खेळलास. चार, हे उत्तर चालत नाही.

बी.ए. बाहेरून पूर्ण कर, यावर मी वाद घालणार नाही. आणि जमेल तेव्हा कोचिंगचं डी-लायसन्स काढ. गोव्यात गावोगावी मुलांना फुटबॉल शिकवणारे भरपूर झालेत, पण त्यांतल्या गोलीकडे बघणारा एखादाच. मुलं गोलात उभी असतात आणि कोच म्हणतो, ‘तू बाजूला जाऊन भिंतीवर चेंडू मार.’ माझ्या शाळेत मीही हेच केलंय, कबूल करतो.

बाबांशी बोलायला जाशील तेव्हा हंगामाची तारीख घेऊन जा. ‘मला माझं स्वप्न जगू द्या’ असलं काही बोलू नकोस, त्यावर जगातला कुठलाच बाप विरघळत नाही. सांग, ‘पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत बार्देशात खेळतो. परीक्षेला बसतो. मेमध्ये किती सामने झाले, किती गोल खाल्ले, परीक्षेचं काय झालं, हे कागदावर लिहून तुमच्यासमोर ठेवतो, आणि मग दोघं मिळून ठरवू.’ ट्रकचा हिशोब वर्षानुवर्षं ठेवलेल्या माणसाला ही भाषा कळते. तू मेमध्ये खरंच कागद ठेवायचास मात्र. आणि सोडायचं ठरलं तर वीस सामने खेळून सोडलेलं चालेल, बाकावरून उठून सोडलेलं पुढं आयुष्यभर खुपतं. माझ्या बायकोला विचार, दर ऑगस्टमध्ये मी चिडचिडा होतो.

पहिल्या सामन्याला बाबांना घेऊन जा. गॅलरीत बसवू नकोस, तसंही फर्स्ट डिव्हिजनला गॅलरी कुठली असायला. बॉलबॉयसुद्धा बहुतेक नसतात. चेंडू कुंपणापलीकडे गेला की आणून द्यायला गोलामागे कोणीतरी लागतंच.

रात्रीचं म्हणशील तर सामने सुरू झाले की ते मिनिट बंद होणार नाही, पण त्याच्या पुढं दुसरी मिनिटं येऊन उभी राहतील, काही बरी, काही त्याहून वाईट. तो व्हिडिओ मोबाइलमध्ये असेल तर पुसू नकोस. एकदा आवाज बंद करून, फक्त आपले हात बघ. कधी पुढं आले ते बघ.

फॉर्मची शेवटची तारीख तू लिहिली नाहीस. जाहिरात आजच काढून बघ, रहिवासी दाखल्याला दिवस लागतात. आणि बार्देशच्या कोचना फोन कर तो रात्री आठनंतर, त्याआधी ते मैदानावर असणार.